उतरणीवरील घर्षण : आवश्यक आणि उपलब्ध

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला उतरणीवरील ठोकळ्याचे उदाहरण शाळेतच भेटते आणि पदव्युत्तर परीक्षेपर्यंत त्याची सोबत सुटत नाही. इतक्या परिचयाच्या उदाहरणावर विद्यापीठाच्या पत्रिकेत पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या उदाहरणातील गुरुत्वबलाचे पृथक्करण बहुतेकांना बिनचूक येते; परंतु घर्षणाचे बल मांडताना एक सूक्ष्म चूक होते, आणि ती चूक पुढे घरंगळणाऱ्या गोलापासून आगगाडीच्या चाकापर्यंत सर्वत्र विद्यार्थ्याच्या मागे लागते. घर्षण म्हणजे घर्षणगुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, हे सूत्र मनात इतके घट्ट बसलेले असते की ते केव्हा लागू पडते याचा विचारच होत नाही. प्रस्तुत लेखात या सूत्राची मर्यादा स्पष्ट करून, घर्षणाची गणिते कोणत्या क्रमाने मांडावीत याचे विवेचन करावयाचे आहे.

१. नियमाचे खरे स्वरूप

उतरणीवर भाराचा किती अंश पृष्ठाला समांतर कार्य करतो, हे सायमन स्टीव्हिन याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले. त्रिकोणी पाचरीवर गोलांची माळ टाकली असता ती आपोआप अखंड फिरत राहणार नाही, एवढ्या एकाच गृहीतावर त्याने आपली सिद्धता उभी केली होती. घर्षणाचे नियम पुष्कळ नंतरचे. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवह्यांत ते आढळतात खरे, परंतु त्या वह्या दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्या. १६९९ मध्ये फ्रान्समध्ये आमाँताँ याने घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते व स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, असे मांडले. स्थिर वस्तू व सरकणारी वस्तू यांच्या घर्षणांतील भेद अठराव्या शतकाच्या मध्यास ऑयलरने गणिताच्या साहाय्याने विशद केला. आणि १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कूलाँच्या प्रबंधाने या सर्वांना प्रयोगांचे भक्कम अधिष्ठान दिले.

या नियमाची दोन अंगे आहेत व ती वेगवेगळी लिहिली पाहिजेत. घर्षणास घ, लंब प्रतिक्रियेस ल, स्थितिक गुणांकास म व गतिज गुणांकास म′ म्हटले, तर

वस्तू पृष्ठावर सरकत असताना : घ = म′ × ल
वस्तू पृष्ठावर सरकत नसताना : घ ≤ म × ल

पहिल्या विधानात घर्षणाचे परिमाण निश्चित होते. त्याची दिशाही सापेक्ष वेगाच्या विरुद्ध, म्हणजे निश्चित असते. दुसऱ्या विधानात मात्र यांपैकी काहीच निश्चित होत नाही. ते केवळ एक कमाल मर्यादा सांगते. त्या मर्यादेच्या आत घर्षण शून्यही असू शकेल, वरच्या दिशेनेही असू शकेल आणि खालच्या दिशेनेही. ते नेमके किती, हे वस्तूच्या समतोलाच्या अटींवरून ठरते. म्हणून स्थितिक घर्षण ही गणितातील दत्त राशी नसून अज्ञात राशी आहे. सर्व विवेचनाचा गाभा एवढाच आहे. पुढील उदाहरणांत त्याचेच परिणाम पाहावयाचे आहेत.

२. एक ठोकळा व वाढते बल

१० किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा ३० अंशांच्या उतरणीवर ठेवला आहे असे समजू. म = ०.६, म′ = ०.५ आणि गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग घेऊ. ठोकळ्याचा भार भ = ९८ न्यूटन. उतरणीचा कोन थ मानल्यास

उतरणीस समांतर घटक : भ ज्या थ = ४९ न्यूटन
लंब प्रतिक्रिया : ल = भ कोज्या थ = ८४.८७ न्यूटन
घर्षणाची मर्यादा : म × ल = ५०.९२ न्यूटन

आता ठोकळ्यावर किती घर्षण कार्य करते? घाईने लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत ५०.९२ न्यूटन असे उत्तर सापडते. ते खरे मानले, तर ठोकळ्यावर खालच्या दिशेने ४९ आणि वरच्या दिशेने ५०.९२ न्यूटन बल आहे. म्हणजे कोणीही न ढकलता ठोकळा आपण होऊन उतरण चढू लागला पाहिजे! सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर आणि निष्कर्ष मात्र असंभाव्य, अशी ही स्थिती आहे. खरे उत्तर ४९ न्यूटन, वरच्या दिशेने. समतोलासाठी आवश्यक घर्षण ४९. उपलब्ध असलेले कमाल घर्षण ५०.९२. आवश्यक हे उपलब्धाहून कमी आहे, म्हणून ठोकळा स्थिर राहतो.

या ठोकळ्यावर उतरणीस समांतर, वरच्या दिशेने प हे बल लावून ते हळूहळू वाढवीत नेले तर काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ठोकळा स्थिर आहे तोवर वरच्या दिशेचे घर्षण ४९ − प इतके असले पाहिजे. प जसजसे वाढेल तसतसे घर्षण कमी होईल. प = ४९ न्यूटन झाले की घर्षण शून्य होईल; पृष्ठ खडबडीत असूनही त्या क्षणी घर्षणाला काही कार्य उरत नाही. प = ८० न्यूटन असता घर्षण ३१ न्यूटन होईल, पण आता ते खालच्या दिशेने. प = ९९.९२ न्यूटन होताच घर्षण आपल्या मर्यादेस पोचेल. त्यापुढे ठोकळा सरकू लागेल आणि तेथपासून घर्षण म′ × ल, म्हणजे ४२.४४ न्यूटन एवढेच राहील. प = १०० न्यूटन घेतल्यास निव्वळ बल १०० − ४९ − ४२.४४ = ८.५६ न्यूटन आणि त्वरण सुमारे ०.८६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. मर्यादा ओलांडताच त्वरण शून्यापासून सावकाश न वाढता एकदम एवढे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. म आणि म′ यांतील अंतराचा तो परिणाम होय.

शून्यापासून ९९.९२ न्यूटनपर्यंतच्या या संपूर्ण पल्ल्यात पृष्ठ तेच, भार तोच आणि लंब प्रतिक्रियाही तीच होती. तरीही घर्षणाने ४९ पासून उणे ५०.९२ पर्यंतची सर्व मूल्ये धारण केली. केवळ म आणि ल यांवरून ती काढता आली असती, असे कोणास म्हणता येईल?

३. बलाची दिशा बदलली तर

प हे बल उतरणीस समांतर न लावता क्षितिजसमांतर, उतरणीकडे रोखून लावले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या बलाचा एक घटक ठोकळ्यास पृष्ठावर दाबतो, त्यामुळे

ल = भ कोज्या थ + प ज्या थ

असे होते. विद्यार्थी सवयीने ल = भ कोज्या थ लिहून मोकळे होतात, ही याच प्रकारातील दुसरी चूक. लंब प्रतिक्रियाही अज्ञातच असते. पृष्ठास लंब दिशेने त्वरण नाही या अटीवरून तिचे मूल्य दर वेळी काढावे लागते. ठोकळा वर सरकण्याच्या बेतात असताना

प = भ × स्पर्श (थ + फ)

असे समीकरण मिळते. येथे स्पर्श म्हणजे ज्या व कोज्या यांचे गुणोत्तर, आणि फ हा घर्षणकोन. त्याचा स्पर्श म इतका असतो. आपल्या उदाहरणात फ = ३०.९६ अंश आणि प = १७६.५ न्यूटन येते. उतरणीस समांतर लावलेल्या बलाच्या मानाने हे जवळजवळ पावणेदोन पट आहे. उतरण अधिक चढी करीत ५९.०४ अंशांपर्यंत नेली, तर थ आणि फ यांची बेरीज ९० अंश होते. त्यानंतर क्षितिजसमांतर बल कितीही मोठे लावले तरी ठोकळा वर सरकत नाही, कारण बलाबरोबर घर्षणाची मर्यादाही तेवढ्याच झपाट्याने वाढत जाते. पाचर व स्क्रू यांची पकड याच तत्त्वावर आधारलेली आहे.

४. वर जाणे आणि खाली येणे

ठोकळा सरकत असताना घर्षणाचे परिमाण ठरलेले असते; परंतु त्याची दिशा वेगाबरोबर पालटते. उतरणीचा कोन ४० अंश करून, गुणांक तेच ठेवून, ठोकळा ५ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला असे समजू. वर जाताना गुरुत्वाचा घटक व घर्षण दोन्ही खाली खेचतात. मंदन सुमारे १०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ठोकळा सुमारे १.२४ मीटर चढून क्षणभर थांबतो.

या क्षणी गणितही थांबविले पाहिजे, कारण आता प्रश्न नवा आहे : ठोकळा तेथेच राहील की परत फिरेल? ४० अंशांचा स्पर्श ०.८३९, तो ०.६ हून मोठा आहे, म्हणून आवश्यक घर्षण उपलब्धाहून अधिक ठरते आणि ठोकळा खाली येऊ लागतो. येताना घर्षण वरच्या दिशेने असते व त्वरण केवळ २.५५ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. परिणामी उतरण्यास चढण्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि ठोकळा मूळच्या जागी सुमारे अर्ध्या वेगाने परततो. चढण्या-उतरण्याचे एकच समीकरण लिहून वेळ काढणाऱ्यास हा भेद कधीच दिसणार नाही. कोन ३० अंश असता तर ठोकळा वरच थबकला असता आणि परतीच्या वेळेचा प्रश्नच निरर्थक ठरला असता. तरीही समीकरणाने त्या निरर्थक प्रश्नाचे एक उत्तर निमूटपणे दिले असते.

५. घरंगळणारा गोल

आवश्यक आणि उपलब्ध हा भेद घरंगळणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो. भरीव गोल न घसरता उतरणीवरून घरंगळत असेल, तर त्याचा स्पर्शबिंदू क्षणभर पृष्ठावर स्थिर असतो. गोल वेगाने खाली येत असूनही त्यावरील घर्षण स्थितिकच असते, आणि म्हणून अज्ञात. गोलाच्या मध्याची सरळ गती व मध्याभोवतीचे भ्रमण यांची दोन समीकरणे आणि न घसरण्याची अट एकत्र सोडविली, तर

त्वरण = ५/७ ग ज्या थ
घर्षण = २/७ भ ज्या थ

हे निष्कर्ष मिळतात. येथे ग हे गुरुत्वत्वरण होय. यांत घर्षणगुणांक कोठेही येत नाही. तो येतो शेवटच्या तपासणीत : वरील घर्षण म × ल पेक्षा अधिक नसावे, म्हणजेच थ चा स्पर्श ७/२ म याहून मोठा नसावा. मागीलप्रमाणे ९८ न्यूटन भार व ३० अंश कोन घेतल्यास आवश्यक घर्षण केवळ १४ न्यूटन येते. म = ०.६ असलेल्या पृष्ठावर ठोकळा ३१ अंशांच्या सुमारास घसरू लागतो. गोल मात्र ६४.५ अंशांपर्यंत न घसरता घरंगळतो. हे घर्षण ऊर्जेचा व्ययही करीत नाही, कारण ज्या बिंदूवर ते कार्य करते तो बिंदू सरकत नाही.

गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात वर्णन केलेले प्रयोग अशाच घरंगळणाऱ्या गोळीचे होते. लाकडी तुळईत कोरलेल्या व गुळगुळीत केलेल्या खोबणीतून काशाची गोळी सोडून, पाण्याच्या घटीने त्याने काळ मोजला. अंतर हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा त्याचा निष्कर्ष अबाधित राहिला, कारण त्वरण कितीही असले तरी ते स्थिर होते. परंतु तेवढ्यावरून सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचे त्वरण काढू पाहणाऱ्यास ५/७ हून मोठे नसलेले ते गुणक विचारात घ्यावेच लागले असते. गोळी खोबणीच्या दोन कडांवर टेकून घरंगळत असेल तर ते आणखी लहान होते.

६. बोरघाटाची चढण

पुस्तकी उदाहरणातील हा विचार व्यवहारात किती दूरवर पोचतो, हे पाहण्यास महाराष्ट्रातील वाचकाला सह्याद्रीबाहेर जाण्याचे कारण नाही. कर्जत व लोणावळा यांच्यामधील बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यावरील सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे. कोनात सांगावयाचे तर सुमारे १.५५ अंश. डोळ्यांस जवळजवळ सपाट भासणारी ही उतरण लोखंडी चाकास मात्र अवघड आहे.

गाडी चढते ती इंजिनाची चाके व रूळ यांमधील स्थितिक घर्षणाच्या जोरावर. गाडी पुढे जात असता चाक मागे ढकलू पाहते, म्हणून रूळ चाकास पुढे, म्हणजे चढाच्या दिशेने ढकलतो. घर्षण नेहमी गतीस विरोध करते, असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला येथे थांबून विचार करावा लागतो. इंजिनाची सर्व चाके चालक आहेत असे धरून, आणि इतर रोध दुर्लक्षून, वेग कायम राखण्यास आवश्यक घर्षण म्हणजे संपूर्ण गाडीच्या भाराचा सदतिसावा भाग. उपलब्ध घर्षण मात्र केवळ इंजिनाच्या भारावर अवलंबून : म गुणिले इंजिनाचा भार. समजा, कोरड्या रुळावर म = ०.२५ आहे. मग संपूर्ण गाडीचा भार इंजिनाच्या ९.२५ पटींपर्यंत, म्हणजे डब्यांचा भार ८.२५ पटींपर्यंत चालेल. पावसाने रूळ ओला होऊन म अर्ध्यावर, ०.१२५ वर आला, तर डब्यांचा भार ३.६ पटींच्या आसपासच राहिला पाहिजे. गुणांक निम्मा झाला, पण ओढता येणारा भार निम्म्याहूनही कमी झाला. कारण इंजिनाला स्वतःचा भारही चढवून न्यावा लागतो. इंजिनाची शक्ती वाढवून ही उणीव भरून निघत नाही. शक्ती वाढविल्यास चाके जागच्या जागी फिरू लागतील आणि स्थितिक घर्षणाची जागा त्याहून कमी असे गतिज घर्षण घेईल. रुळावर वाळू टाकणे म्हणजे म वाढविणे, आणि कर्जतहून चढणाऱ्या गाड्यांना मागून जोड-इंजिने लावण्याचा प्रघात म्हणजे चालक चाकांवरील ल वाढविणे होय. दोन्ही उपाय असमीकरणाच्या एकाच बाजूवर कार्य करतात.

उतरताना प्रश्नाचे स्वरूप पालटते. आता ब्रेक सर्वच चाकांना लावता येतात. त्यामुळे वेग कायम राखण्यास आवश्यक घर्षणगुणांक केवळ १/३७, म्हणजे ०.०२७ इतकाच असतो. ओल्या रुळावरही याच्या चौपटीहून अधिक घर्षण उपलब्ध आहे. धोका रुळाच्या ठिकाणी फारसा नसून ब्रेकच्या ठिकाणी आहे. तेथील घर्षण गतिज असल्यामुळे ते ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करते. गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा प्रत्येक टनामागे ९.८ लाख ज्यूल ऊर्जा अशा रीतीने वाहून जावी लागते. ब्रेक निकामी झाले तर काय, याचे उत्तर घाटात चढत्या दिशेने बांधलेल्या बगलमार्गांनी दिलेले आहे. आवरता न येणारी गाडी त्या उलट उतरणीवर वळविली की गुरुत्वच तिला थांबविते. किती अंतरावर थांबेल हे वेगाचा वर्ग व चढ यांवर ठरते. गाडीच्या भाराशी त्याचा संबंध नाही, आणि घर्षणगुणांकाशीही नाही. जेथे उपलब्ध घर्षणाची खात्री देता येत नाही, तेथे ते ज्यात लागणारच नाही असा उपाय योजिला आहे.

७. रीतीची मर्यादा

आवश्यक घर्षण आधी काढावे व मागाहून ते उपलब्धाशी ताडून पाहावे, ही रीत सर्वत्र पुरी पडते असे मात्र नाही. ठोकळ्याच्या जागी चार पायांचे टेबल ३० अंशांच्या उतरणीवर ठेवले, तर चारही पायांवरील घर्षणांची बेरीज ४९ न्यूटन, एवढे समतोलावरून निश्चित कळते. प्रत्येक पायाच्या वाट्यास किती, हे ताठर वस्तूंच्या स्थितिशास्त्रातून निघत नाही. एका पायावरील घर्षण वाढवून दुसऱ्यावरील तेवढेच कमी केले तरी सर्व समीकरणे सुटतात. खरे टेबल अर्थातच एकच उत्तर निवडते. परंतु ते पाय किती लवतात आणि टेबल कोणत्या क्रमाने खाली ठेवले गेले यांवर अवलंबून असते. याहून गंभीर अडचण फ्रेंच गणिती पेनलेव्हे याने १८९५ मध्ये दाखविली. खडबडीत पृष्ठावर सरकणाऱ्या ताठर दांडीच्या काही स्थितींत कूलाँचा नियम व गतीची समीकरणे एकत्र घेतल्यास एकही उत्तर मिळत नाही, तर काही स्थितींत एकाहून अधिक मिळतात. दोष गतिशास्त्राचा नसून वस्तू पूर्ण ताठर आहे या गृहीताचा आहे.

कूलाँचा नियम स्वतःही मूलभूत नियमांच्या पंक्तीत बसणारा नाही. बाउडन आणि टेबर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, दोन पृष्ठे प्रत्यक्षात केवळ काही उंचवट्यांवरच एकमेकांस टेकतात. भार वाढला की हे उंचवटे दबून खरे स्पर्शक्षेत्र भाराच्या प्रमाणात वाढते, आणि म्हणून घर्षणही. गुणांक ही पदार्थाची अढळ राशी नसून पृष्ठाची स्वच्छता, ओलावा आणि वेग यांबरोबर ती बदलते. उत्तरे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिताना हे विसरू नये.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून गणित मांडण्याचा क्रम सहज निघतो. प्रथम वस्तू इतरांपासून वेगळी कल्पून तिच्यावरील सर्व बलांची आकृती काढावी, व घर्षणाला केवळ अक्षराने दर्शवावे. त्याच्या जागी म × ल लिहू नये. मग स्पर्शपृष्ठे एकमेकांवर सरकत नाहीत असे गृहीत धरून समीकरणे सोडवावीत आणि आवश्यक घर्षण काढावे. उत्तर ऋण आले तर मानलेली दिशा उलट आहे एवढाच त्याचा अर्थ. नंतर ते उपलब्ध घर्षणाशी ताडून पाहावे. आवश्यक घर्षण अधिक ठरले, तरच गृहीत सोडून द्यावे, घ = म′ × ल लिहावे आणि संपूर्ण गणित नव्याने करावे. गतीची दिशा पालटेल त्या प्रत्येक क्षणी ही तपासणी पुन्हा करावी.

प्रश्न काढणाऱ्यांनीही याची दखल घेणे इष्ट आहे. घर्षणगुणांक दिलेला असून प्रत्यक्ष घर्षण मर्यादेच्या आतच आहे, असे प्रश्न परीक्षेत अधिक प्रमाणात यावेत. अशा प्रश्नात सूत्र पाठ केलेला विद्यार्थी आणि नियम समजलेला विद्यार्थी यांची उत्तरे भिन्न येतात. घर्षण किती, या प्रश्नाआधी घर्षण नसते तर वस्तूने काय केले असते, हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर पुढे यंत्रशास्त्रात, भूशास्त्रातील दरडींच्या अभ्यासात किंवा लोहमार्गाच्या आखणीत ती त्यांच्या निश्चितच उपयोगी पडेल.